बर्फाची नोंद

कोडियाक बेटावरच्या कोर्टात खिडकी एकच,
तीही बंदराकडे पाठ करून.
बारा खुर्च्या. सातवी माझी.
मी एर्लिंडा अगबायानी, मासळीच्या कारखान्यात एकवीस वर्षं,
कापणीच्या पट्ट्यावर डावीकडून तिसरी.
इथे फक्त ऐकायचं, असं जज्जबाई म्हणाल्या.

साक्षीला अँकरेजहून आलेले डॉक्टर ट्वाइट.
राखाडी कोट, स्वच्छ नखं.
यंत्राचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, दोनदा माझ्या हातून निसटलं.
पडद्यावर एक रेघ: सपाट, सपाट, आणि एकदम सुळका.
हा मद्यार्क, ते म्हणाले. शून्य पूर्णांक शून्य नऊ एक.
मर्यादा शून्य आठची.
मधलं अंतर खवल्याच्या जाडीचं,
आणि तेवढ्यात मावलेला इव्हान पेस्ट्रिकॉफचा परवाना,
त्याचा सगळा हिवाळा.

बचावाच्या हॉगनबाई. बुटांना चिखल, हातात पिवळा कागद.
आवाज चढवत नाहीत. कांदा सोलावा तसं विचारतात.
नळी तुम्ही भरलीत?
नाही, दवाखान्यातल्या नर्सने.
निघाली कधी?
शुक्रवारी.
तुमच्या हातात?
मंगळवारी. धुकं होतं, विमान उडालं नाही.
मधे कुठे होती?
विमानतळाच्या शेडमध्ये, असं पावती म्हणते.
पावती म्हणते. तुम्ही नाही.
डॉक्टरांनी पाण्याचा घोट घेतला.
रक्त टिकवायचं औषध नळीत असतंच, ते म्हणाले.
पुरेसं होतं, हे मोजलंत?
आम्ही मोजत नाही. कंपनी घालते.

माझी शाळा सहावीपर्यंतची.
पण माशाचा कल्ला उचलून मी सांगते
किती तास बर्फावर होता, किती तास नव्हता;
कागद काहीही म्हणो.
आणि इलोकोसला बा उसाचा रस रांजणात भरायचा,
तोंड केळीच्या पानाने बांधायचा आणि पाठ फिरवायचा.
कुणी ढवळायचं नाही, कुणी चूल पेटवायची नाही.
गोड असेल ते उबेत आपलं आपण फिरतं.
रक्तातही साखर असते, हे त्या दिवशी कळलं.

ज्यूरीतल्या माणसाला इथे चिठ्ठीवर प्रश्न लिहून देता येतो.
मी लिहिलं, अक्षर वाकडं:
खोक्यात बर्फ होता का?

दोन्ही वकील जज्जबाईंच्या टेबलाशी. बराच वेळ कुजबुज.
मग प्रश्न वाचला गेला, माझ्या चुका वगळून.
डॉक्टरांनी फाइल उलटली, पुढून, मग मागून.
तशी नोंद नाही.
होता की नव्हता?
नोंद नाही.

माणूस खोटं बोलला नाही. तेच जड गेलं.

बंद खोलीत बोलले नाही ते आता बोलते:
इव्हान पितो. धक्क्यावर कुणाला ठाऊक नाही?
त्या रात्रीही प्यायलाच असणार.
बोट धक्क्यावर आदळली, आणि डेकवरच्या पोराची
उजव्या हाताची दोन बोटं गेली.
पोरगा रोज मागच्या बाकावर, हात खिशात.
नळीला यातलं काही माहीत नव्हतं.
मला नळीबद्दलच विचारलं होतं.
आम्ही म्हटलं: दोष सिद्ध नाही.
बाहेर पडताना मी चपला शोधाव्यात तसं खाली बघत चालले.

मार्चमध्ये तो पोरगा आमच्याकडे लागला.
सुरी धरता येत नाही, म्हणून दारावर,
आलेल्या पेट्यांचं तापमान लिहायला.
डाव्या हाताने लिहितो, सावकाश, जीभ दातांत धरून.
परवा वहीतला एक रकाना मोकळा होता.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्याने पाहिलं.
पेन्सिल उचलली त्याने, टेकवलीही,
मग खाली ठेवली,
आणि पेटीचं झाकण सारून
उरलेल्या तीन बोटांनी आत चाचपलं.